नाशिकच्या आकाशातून एम ३३: शेजारच्या दीर्घिकेतले तेजोमेघ आणि तारकागुच्छ कसे टिपायचे

आकाशगंगेच्या उपदीर्घिकांचे फोटो पाहिले की पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो मोठा मॅजेलन मेघ आणि त्यातला टॅरंट्युला तेजोमेघ. नाशिकहून तो टिपता येईल का, हे एका वजाबाकीत कळतं. नाशिकचा अक्षांश २० अंश उत्तर, मेघाची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर) उणे पावणेसत्तर अंश. नव्वदातून हे दोन्ही वजा केले तर उरतो जेमतेम पाव अंश. म्हणजे आकाशात सर्वात वर असतानाही तो दक्षिण क्षितिजाला चिकटलेला राहणार आणि धूळ, धुकं, डोंगर यांतच विरून जाणार. कन्याकुमारीहूनसुद्धा तो बारा-साडेबारा अंशांच्या वर चढत नाही. छोटा मेघ तर आपल्याकडे उगवतच नाही.

पण टॅरंट्युलानंतर आपल्या स्थानिक दीर्घिका-समूहातला सर्वात मोठा तेजोमेघ म्हणून ज्याचं नाव घेतात, तो एनजीसी ६०४ नाशिकच्या जवळजवळ डोक्यावरून जातो. तो आहे एम ३३ मध्ये, म्हणजे त्रिकोण तारकासमूहातल्या दीर्घिकेत. एम ३३ आपल्यापासून सुमारे २७ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. ती देवयानी दीर्घिकेची उपदीर्घिका मानली जाते. ती देवयानीजवळ पहिल्यांदाच येते आहे की आधी एकदा येऊन गेली आहे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. एनजीसी ६०४ ची रुंदी सुमारे १५०० प्रकाशवर्षं. हिवाळ्यात आपण दुर्बिणीतून हौसेने दाखवतो तो मृगातला तेजोमेघ सुमारे २५ प्रकाशवर्षांचा आहे. म्हणूनच इतक्या अंतरावरचा तेजोमेघ साध्या लहान दुर्बिणीने आणि डीएसएलआरने वेगळा ओळखू येतो.

एम ३३ चे बहुतेक फोटो सर्पिल दिसलं की संपतात. इथे लक्ष्य वेगळं धरलं आहे: त्या दीर्घिकेच्या आतल्या वस्तू, नावानिशी ओळखता येतील इतक्या स्पष्ट. लक्ष्य बदललं की जागा, भिंग, एक्स्पोजर आणि प्रक्रिया सगळ्याचेच निर्णय थोडे बदलतात.

हंगाम आणि वेळ

एम ३३ चा विषुवांश (आकाशातली पूर्व-पश्चिम जागा) १ तास ३४ मिनिटं आणि क्रांती उत्तर साडेतीस अंशांच्या किंचित पुढे. नाशिकहून ती ईशान्येपेक्षा थोड्या पूर्वेकडून उगवते, खस्वस्तिकाच्या, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूच्या, दहा-अकरा अंश उत्तरेकडून मध्यमंडल (आकाशातली उत्तर-दक्षिण मध्यरेषा) ओलांडते आणि त्या वेळी तिची उंची ७९ अंश असते. चाळीस अंशांच्या वर ती सलग सव्वासात तास राहते. इतका लांब आणि इतका उंच प्रवास दिल्लीकरांनाही जवळपास असाच मिळतो, पण मॉन्सून माघारी गेल्यानंतरचं सह्याद्रीचं धुतलेलं आकाश त्यांना मिळत नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला ती रात्री साडेबाराच्या सुमारास माथ्यावर येते, नोव्हेंबरच्या मध्याला साडेदहाला, डिसेंबरच्या मध्याला साडेआठला. यांतला नोव्हेंबर सर्वात सोयीचा. सव्वासातला आकाश पूर्ण काळोखं होतं तेव्हा दीर्घिका चाळीस अंशांच्या वर आलेली असते आणि रात्री दोनपर्यंत तिथेच राहते. एका रात्रीत सात तास, तेही पहाटेपर्यंत न जागता.

अमावस्यांचा विचार करताना आश्विन अमावस्या, म्हणजे लक्ष्मीपूजनाची रात्र आणि तिच्या आगेमागेचे दिवस सोडून द्या. चंद्र नसतो हे खरं, पण फटाक्यांचा धूर खालच्या थरात साचून राहतो आणि शहराचा उजेड त्यावर पसरतो. कार्तिक अमावस्या ही माझ्या मते वर्षातली सर्वोत्तम, तिच्यामागोमाग मार्गशीर्ष अमावस्या. भाद्रपद अमावस्येला ढगांचा भरवसा नसतो. अमावस्येच्या अलीकडचे चार-पाच दिवस आणि पलीकडचे चार-पाच दिवस चालतात. अलीकडच्या दिवसांत चंद्रकोर पहाटेकडे उगवते, त्यामुळे ते पलीकडच्यांपेक्षा सोपे.

जागा: शहर दक्षिणेला ठेवा

नाशिककर काळोख शोधायला सवयीने त्र्यंबकेश्वर-हरसूलकडे किंवा इगतपुरीकडे वळतात. एम ३३ साठी या दिशा मला दुय्यम वाटतात. त्र्यंबकच्या बाजूला गेलात की शहराचा, सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींचा उजेड पूर्वेला येतो आणि दीर्घिका चढते ती त्याच बाजूने. इगतपुरीला ईशान्येकडे नाशिक आणि नैर्ऋत्येकडे ठाणे-मुंबई, असा दोन्हीकडून उजेड. गंगापूर धरणाचा परिसर सरावासाठी ठीक, पण शहर फार जवळ आहे आणि पाण्याजवळ दव लवकर पडतं.

उत्तरेकडे जा. दिंडोरी, वणी ओलांडून सुरगाण्याच्या किंवा हातगडाच्या बाजूला गेलात की नाशिकचा उजेड तुमच्या दक्षिणेला आणि आग्नेयेला पडतो. एम ३३ चा मार्ग पूर्व-ईशान्येकडून डोक्याच्या उत्तरेकडून वायव्येकडे, त्यामुळे रात्रभर तुमच्या भिंगाची पाठ शहराकडे राहते. हातगडाजवळ सापुताऱ्याचे दिवे आहेत, तेव्हा डोंगराची आड मिळेल अशी जागा निवडा. बागलाणात साल्हेर-मुल्हेरकडे काळोख आणखी गडद आहे, पण तितक्या लांब रात्रीचा प्रवास करायचा तर मुक्कामाचीच तयारी हवी.

जागेची परीक्षा घ्यायला मोबाइलवरच्या नकाशापेक्षा चांगलं साधन म्हणजे खुद्द एम ३३. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेल्या काळोखाच्या नऊ श्रेणींच्या मोजपट्टीत हीच दीर्घिका खूण म्हणून वापरलेली आहे. तिसऱ्या श्रेणीच्या आकाशात ती नुसत्या डोळ्यांना, नजर किंचित बाजूला वळवली की सहज जाणवते. चौथ्या श्रेणीत ती उंच असतानाही मुश्किलीने दिसते. त्याहून उजळ आकाशात दिसतच नाही. तेव्हा दीर्घिका माथ्यावर असताना वीस मिनिटं मोबाइल न पाहता डोळे काळोखाला सरावू द्या आणि शोधा. जाणवली, तर ती जागा वहीत लिहून ठेवा.

दिवसा एकदा जाऊन या. उत्तर क्षितिज मोकळं हवं, कारण आपल्याकडे ध्रुवतारा फक्त वीस अंश उंचीवर असतो आणि एखादा डोंगर किंवा आंब्याचं झाड त्याला सहज झाकतं. शेताच्या मालकाची परवानगी घ्या, गावच्या पोलीस पाटलांना सांगून ठेवा, वनजमीन असेल तर वनखात्याला विचारा. जिल्ह्यात बिबट्यांचा वावर आहे, उसाच्या शेताला लागून तर मुळीच बसू नका. किमान तिघं असा आणि गाडी जवळ ठेवा. तारे दाखवायचा हिरवा लेझर ओझर विमानतळाच्या परिसरात अजिबात वापरू नये. लाल उजेडाचा टॉर्च पुरतो.

थंडीच्या लाटेत एक गोष्ट खास आपल्या जिल्ह्याची. निफाड-दिंडोरी पट्ट्यात द्राक्षबागा वाचवायला शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. त्यांच्या वर्षभराच्या पिकाचा प्रश्न असतो, तेव्हा आपणच तिथून दूर जायचं. पारा फार खाली गेल्याची बातमी असेल त्या रात्री बागाईत पट्टा टाळून माथ्यावरची जागा घ्या.

सामान किती आणि कोणतं

आकाशातला कोन मोजताना अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. एम ३३ सुमारे ७० कला लांब आणि ४० कला रुंद आहे, म्हणजे दोन पूर्ण चंद्रांहून लांब. एनजीसी ६०४ मात्र पावणेदोन कलांच्या आसपास, सुमारे ११० विकला.

आता कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलमध्ये किती विकला मावतात ते काढा: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला २०६ ने गुणा आणि भिंगाच्या मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने भागा. बाजारातल्या बऱ्याच २४ मेगापिक्सेल एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यांचा पिक्सेल ३.७ ते ३.९ मायक्रॉनचा असतो. १३५ मिलिमीटरच्या लेन्सवर ३.७ मायक्रॉनचा एक पिक्सेल साडेपाच विकलांहून मोठा पडतो, म्हणजे एनजीसी ६०४ जेमतेम वीस पिक्सेलचा ठिपका. २०० मिलिमीटरवर तीसेक पिक्सेल. ४३० मिलिमीटरवर साठच्या पुढे, आणि तिथे त्याचे आतले धागे, पोकळ्या दिसायला लागतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आतल्या वस्तू टिपायच्या तर ४०० मिलिमीटर ही खालची मर्यादा धरा. एफ/६ च्या (नाभीय अंतर व्यासाच्या सहापट) आसपासची ७० ते ८० मिलिमीटर व्यासाची छोटी अपोक्रोमॅटिक (ताऱ्यांभोवती रंगांची कड येऊ न देणारी) दुर्बीण इथे अगदी चपखल बसते. एपीएस-सी सेन्सरवर ती सुमारे तीन अंश बाय दोन अंशांचं क्षेत्र देते, म्हणजे दीर्घिकेभोवती भरपूर मोकळं आकाश राहतं आणि पुढे पार्श्वभूमी साफ करताना त्याचा उपयोग होतो. १००० मिलिमीटरच्या पुढे गेलात तर दीर्घिका चौकट भरून टाकते आणि माउंटकडून फार अचूकता लागते. पहिल्या हंगामात तिकडे जाऊ नका.

ट्रॅकिंगशिवाय, म्हणजे ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवल्याशिवाय, हे काम होत नाही. या क्रांतीवर तारे सेकंदाला सुमारे १३ विकला सरकतात. ४३० मिलिमीटरवर ते एका सेकंदात सात पिक्सेल होतात. पाच किलो पेलणारा छोटा स्टार ट्रॅकर असेल तर २०० ते ३०० मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स लावून मिनिटभराच्या फ्रेम घ्या. सर्पिल आणि मोठे दोन-तीन तेजोमेघ मिळतील. ४०० च्या वर इक्वेटोरियल माउंट (पृथ्वीच्या अक्षाशी समांतर फिरणारा) आणि गाइडिंग (दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्याने एक तारा धरून माउंटची चूक सुधारत राहणं) हवं. जड माउंट वीस अंशांच्या अक्षांशावर लावताना तोलवजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला आपटतो का, हे घरीच सगळीकडे फिरवून पाहा. युरोपात वापरणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही, त्यामुळे माहितीपुस्तिकेत तो सापडेलच असं नाही.

कॅमेरा मूळ स्थितीतला असला तरी सुरुवात करा. हायड्रोजन-अल्फाची लाल रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर असते आणि कंपनीने सेन्सरपुढे बसवलेला फिल्टर तिचा बराचसा प्रकाश अडवतो. पण एनजीसी ६०४ मध्ये ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची हिरवट-निळी रेषाही जोरदार आहे, त्यामुळे साध्या कॅमेऱ्यातही तो फिकट गुलाबी-निळसर उमटतो. छोटे तेजोमेघ हवे असतील तर तो फिल्टर काढून घेतलेला कॅमेरा किंवा थंड केलेला खगोल-कॅमेरा फार फरक पाडतो.

ड्युअल-बँड फिल्टर, म्हणजे फक्त हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या या दोन रेषांभोवतीचा अरुंद पट्टा आत सोडणारा फिल्टर, घेताना एक बारकावा. एम ३३ आपल्या दिशेने सेकंदाला सुमारे १८० किलोमीटर वेगाने येते आहे, म्हणून तिच्या हायड्रोजनची रेषा ०.४ नॅनोमीटर निळ्याकडे सरकलेली असते. सात किंवा पाच नॅनोमीटरच्या फिल्टरला याने काही फरक पडत नाही. तीन नॅनोमीटरचा फिल्टरही एफ/६ वर चालतो, पण फार जलद भिंगावर तिरक्या किरणांमुळे फिल्टरचा पट्टा स्वतःच सरकतो, तेव्हा तिथे रुंद पट्ट्याचाच घ्यावा.

बाकी सामानात भिंगाला गुंडाळायचा ड्यू हीटर हवाच. नोव्हेंबरात रात्री दहानंतर दव पडायला लागतं आणि भिंग ओलं झालं की पुढचे सगळे फ्रेम वाया जातात. १२ व्होल्टची लिथियम बॅटरी, कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या, जाड कानटोपी आणि बसायला खुर्ची.

मांडणी आणि फोकस

उजेड असतानाच पोहोचा. ट्रायपॉड कडक जमिनीवर, लेव्हल करून. ध्रुवतारा दिसायला लागला की पोलर अलाइनमेंट करा, म्हणजे माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवबिंदूकडे वळवा. तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे दोन-तृतीयांश अंश बाजूला असतो, त्यामुळे नुसता तारा मध्यभागी आणून भागत नाही. पोलर स्कोप असेल तर ॲपमध्ये दाखवलेल्या जागी तारा ठेवा. गाइड कॅमेरा असेल तर सॉफ्टवेअरची पोलर अलाइनमेंटची सोय वापरा. चूक दोन-तीन कलांच्या आत आणायची. ध्रुव आपल्याकडे खाली असल्यामुळे त्या उंचीवर हवेतली धूळ आणि गावातले दिवे आड येतात. घाईत दुसरा तारा ध्रुव समजला जाऊ नये म्हणून शर्मिष्ठेवरून खात्री करून घ्या.

फोकससाठी मेषेतला हमल किंवा देवयानी तारकासमूहातला मिराक घ्या. बाहतिनोव्ह मास्क (खाचा कापलेलं झाकण) लावला की ताऱ्याला तीन रेषा फुटतात. मधली रेषा बरोबर मध्यात आली की फोकस झाला. मास्क काढायला विसरू नका. इथे फोकस म्हणजे निम्मं काम आहे, कारण किंचित चुकला तरी दीर्घिकेचं सर्पिल दिसत राहतं, पण तारकागुच्छ आणि सुटे तारे एकमेकांत मिसळून जातात. संध्याकाळी वीस अंश असलेला पारा मध्यरात्री दहा-बारावर येतो आणि नळी आकुंचन पावते, म्हणून दर दीड तासाने फोकस पुन्हा तपासा.

दीर्घिका सापडवणं

महाश्वाच्या चौकोनापासून निघा. चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातून देवयानीच्या ताऱ्यांची ओळ निघते. त्यातला मोठा तांबूस-पिवळा तारा मिराक. मिराकच्या एका बाजूला, आठेक अंशांवर देवयानी दीर्घिका आहे. तीच रेषा उलट्या बाजूला, मेषेतल्या हमलच्या दिशेने सात अंश वाढवा. तिथे एम ३३. १० बाय ५० च्या द्विनेत्रीत ती मोठी, फिकट, कडा नसलेली धूसर जागा दिसते. तिची एकूण प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तितकी वस्तू अंधुक) ५.७ असली तरी तो प्रकाश पसरलेला आहे, त्यामुळे शहरातून शोधू नका.

कॅमेरा तिकडे वळवून आयएसओ ६४०० वर तीस सेकंदांची चाचणी फ्रेम घ्या. मध्यभागी धुरकट गोळा दिसला की झालं. प्लेट सॉल्व्हिंगची (ताऱ्यांच्या रचनेवरून फोटोची आकाशातली जागा ओळखण्याची) सोय असेल तर हे सगळं दोन मिनिटांत होतं. दीर्घिका उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य अशी लांबट आहे, म्हणून चौकटीची लांब बाजू साधारण उत्तर-दक्षिण ठेवा आणि पूर्वेची बाजू अपुरी पडू देऊ नका. एनजीसी ६०४ तिथेच, केंद्रापासून ईशान्येला बारा कलांवर आहे.

एक्स्पोजर

एफ/६, आयएसओ ८०० किंवा १६००, गाइडिंग असेल तर एक फ्रेम तीन मिनिटांची. पहिली फ्रेम पाहून हिस्टोग्रामचा (फोटोतल्या उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा डावीकडून पाव ते एक-तृतीयांश भागात आहे का ते बघा. त्याहून डावीकडे असेल तर वेळ वाढवा, उजवीकडे गेला असेल तर आकाश उजळ आहे, वेळ कमी करा. रॉ फाइलच घ्यायची, कॅमेऱ्यातलं नॉइज रिडक्शन बंद.

एकूण वेळ हा खरा प्रश्न. दोन तासांत सर्पिल आणि एनजीसी ६०४ मिळतो. चार तासांत एनजीसी ५९५, ५९२, ५८८ सुटे होतात. सहा-सात तास जमले की निळ्या ताऱ्यांचे पुंजके दाणेदार दिसायला लागतात आणि दीर्घिकेतले सर्वात तेजस्वी महाराक्षसी तारे, जे पंधराव्या-सोळाव्या प्रतीपासून पुढे आहेत, एकेकटे उमटतात. २७ लाख प्रकाशवर्षांवरचा एक सुटा तारा आपल्या घरच्या कॅमेऱ्यात येणं ही लहान गोष्ट नाही, आणि ती नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या माळावरून होऊ शकते. एडविन हबल यांनी १९२६ साली याच दीर्घिकेतल्या ३५ सेफीड रूपविकारी ताऱ्यांचा (तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होणारे, अंतर मोजायला उपयोगी तारे) अभ्यास मांडून ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे दाखवलं, तेव्हा त्यांच्या हाताशी माउंट विल्सनची १०० इंची दुर्बीण होती.

तेव्हा बेत असा करा: पहिल्या रात्री फिल्टरशिवाय पूर्ण वेळ. दुसऱ्या रात्री ड्युअल-बँड फिल्टर लावून पाच-पाच मिनिटांच्या फ्रेम, किमान तीन तास. फिल्टरची रात्र अर्ध्या चंद्रातही चालते, काळोखी रात्र मात्र नेहमी रंगीत फ्रेमसाठी राखून ठेवा. उलटं केलंत तर तेजोमेघ येतील आणि तारकागुच्छ हातचे जातील, कारण गुच्छांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो आणि फिल्टर तोच कापतो.

दर दोन-तीन फ्रेमनंतर डिदरिंग करा, म्हणजे चौकट काही पिक्सेल सरकवा. गाइडिंगचं सॉफ्टवेअर हे आपोआप करतं. साध्या ट्रॅकरवर दर वीस-पंचवीस मिनिटांनी हाताने किंचित हलवा. नाही तर स्टॅकिंगनंतर, म्हणजे सगळ्या फ्रेम एकत्र केल्यावर, आकाशात तिरके ओघळ दिसतात आणि ते बारीक तेजोमेघांच्या आड येतात. दीर्घिका माथ्याजवळून जाताना माउंटला बाजू बदलावी लागते. त्या वेळी नळी ट्रायपॉडला लागत नाही ना, ते जवळ उभं राहून बघा आणि फ्रेमिंग पुन्हा जुळवा.

आवरण्यापूर्वी भिंगाला झाकण लावून त्याच वेळेच्या, त्याच आयएसओच्या वीसेक डार्क फ्रेम घ्या. फ्लॅट फ्रेमसाठी भिंगावर पांढरं कापड ताणून वर टॅबलेटचा पांढरा पडदा धरा आणि फोकस न हलवता तीसेक फ्रेम. बायस फ्रेम (झाकण लावून, सर्वात कमी वेळाच्या) घरी आल्यावर घेतल्या तरी चालतात. फ्लॅटचा कंटाळा करू नये. दीर्घिकेच्या बाहेरच्या भुजा इतक्या फिक्या आहेत की सेन्सरवरचा एक धुळीचा कण त्यांच्याएवढाच ठळक दिसतो.

घरी, संगणकावर

सिरिल हे मोफत सॉफ्टवेअर या सगळ्याला पुरतं. आधी फ्रेम एकेक चाळून ढग, विमानं, लांबट तारे असलेल्या बाजूला काढा. मग कॅलिब्रेशन (डार्क, फ्लॅट, बायस वापरून कॅमेऱ्याचे दोष काढणं), जुळणी, स्टॅकिंग. कडा कापा आणि लगेच पार्श्वभूमीचा उतार काढा. शहराचा उजेड एका बाजूला जास्त असतोच. नमुन्याचे बिंदू दीर्घिकेवर पडू देऊ नका, तिच्या बाहेरच्या भुजा दिसतात त्याहून लांब पसरलेल्या आहेत आणि सॉफ्टवेअर त्यांनाच आकाश समजून पुसून टाकतं. त्यानंतर ताऱ्यांच्या मोजलेल्या रंगांवरून रंगसंतुलन करा. केंद्र पिवळसर, भुजा निळसर आली की रंग बरोबर आहेत असं समजा.

फिल्टरच्या रात्रीतून लाल वाहिनी (फोटोतला फक्त लाल रंगाचा भाग) वेगळी काढा. ती थेट रंगीत फोटोच्या लाल वाहिनीत मिसळली तर सगळी दीर्घिका तांबूस होते. त्याऐवजी हायड्रोजनच्या फोटोतून साध्या लाल फोटोचा काही हिस्सा वजा करा. किती हिस्सा, तर तारे जवळजवळ नाहीसे होतील इतका. उरतो तो निव्वळ हायड्रोजनचा प्रकाश, एम ३३ च्या भुजांवर पसरलेले शेकडो ठिपके आणि कंकणं. हे चित्र हलक्या हाताने लाल वाहिनीत मिळवा. माझा सल्ला, हे कृष्णधवल चित्र वेगळंही जपून ठेवा. पुढच्या ओळखीच्या कामाला ते रंगीत फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

स्ट्रेच करताना, म्हणजे फोटोतला फिका भाग उजळवताना, केंद्र पांढरं होऊ देऊ नका. तिथला टिपका हा खरं तर अतिशय दाट तारकागुच्छ आहे. इतर मोठ्या दीर्घिकांत असतं तसं महाकाय कृष्णविवर तिथे सापडलेलं नाही. तीक्ष्णता वाढवणारी साधनं जपून वापरा. तारकागुच्छ आणि आकाशगंगेतला समोरचा तारा यांतला फरक गुच्छाच्या किंचित पसरट कडेवरूनच कळतो, आणि जास्त तीक्ष्ण केलं की नेमकी तीच पुसली जाते.

नावं शोधणं

फोटो प्लेट सॉल्व्ह करून उत्तर वर, पूर्व डावीकडे करा. सर्वात सोपा एनजीसी ६०४: ईशान्येकडच्या भुजेवरचा ठळक गुलाबी पुंजका. विल्यम हर्शल यांनी तो ११ सप्टेंबर १७८४ रोजी पाहिला होता. त्याच्या पोटात दोनशेहून अधिक तप्त, तरुण तारे आहेत. मोठा करून पाहिलात तर मधली पोकळी आणि कडेचे धागे दिसायला हवेत.

मग केंद्राच्या पश्चिमेकडे या. चार-साडेचार कलांवर, किंचित उत्तरेला एनजीसी ५९५. तसंच पुढे आठ-साडेआठ कलांवर एनजीसी ५९२ आणि चौदा कलांवर एनजीसी ५८८. केंद्रापासून वायव्येला आयसी १३१, १३३, १३२ हे एकाच्या वर एक असे ओळीने येतात. केंद्र आणि एनजीसी ६०४ यांच्या मधल्या भुजेवर आयसी १४२ आणि १४३. शंका आली तर स्ट्रासबूर्गच्या खगोलमाहिती केंद्राचा अलादीन हा ऑनलाइन आकाशनकाशा उघडून त्याच जागेशी ताडून पाहा. हायड्रोजनच्या चित्रात ठळक आणि रंगीत चित्रात गुलाबी, तो तेजोमेघ. हायड्रोजनमध्ये गायब पण निळा आणि दाणेदार, तो तरुण ताऱ्यांचा पुंजका. दोन्हीकडे अगदी टोकदार, तो बहुधा आपल्याच आकाशगंगेतला तारा.

एम ३३ मधले गोलाकार तारकागुच्छ लहान दुर्बिणीला अवघड आहेत. सर्वात ठळक गुच्छही सोळाव्या प्रतीच्या आसपास. गोलाकार गुच्छाचीच हौस असेल तर त्याच रात्री कॅमेरा देवयानीकडे वळवा. तिथला जी १ हा गुच्छ १३.७ प्रतीचा आहे, पण दीर्घिकेच्या केंद्रापासून अडीच अंश नैर्ऋत्येला, म्हणून चौकट मुद्दाम तिकडे सरकवावी लागते. त्याला चिकटून दोन अंधुक तारे दिसतात, त्यांवरून तो ओळखता येतो. त्याच चौकटीत एनजीसी २०६ हा देवयानीतला मोठा निळा तारकामेघही बसवता येतो.

सगळं झाल्यावर स्ट्रेच न केलेली स्टॅक फाइल तारखेसह जपून ठेवा. हबल आणि ॲलन सँडेज यांनी १९५३ साली एम ३३ आणि देवयानीतल्या काही अतितेजस्वी रूपविकारी ताऱ्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांतला एम ३३ मधला ‘व्हेरिएबल सी’ वर्षानुवर्षांच्या अंतराने उजळतो आणि मंदावतो, आणि सहा-सात तासांच्या एक्स्पोजरमध्ये तो आपल्या आवाक्यात येतो. पुढच्या कार्तिकात त्याच दुर्बिणीने, तेवढ्याच वेळाचा फोटो घ्या, सिरिलमध्ये दोन्ही वर्षांच्या फाइल एकमेकींवर जुळवा आणि आलटून पालटून दाखवत अलादीनवरून काढलेल्या त्याच्या जागेवर नजर ठेवा. शेजारच्या तीन-चार स्थिर ताऱ्यांशी तुलना करून त्याची प्रत दर वर्षी वहीत नोंदवत गेलात, की त्या ताऱ्याचा स्वतःचा आलेख तुमच्याकडे तयार व्हायला लागेल.